चार दिवसांचे रोम आणि आपले प्रवासवाङ्मय

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठीत चांगलाच रुळला आहे. तथापि त्याचे परीक्षण करताना टीकाकार बहुधा भाषेचा डौल, विनोद आणि वर्णनशक्ती यांपाशीच थांबतो. मुळात प्रवास कोणत्या हेतूने आखला होता, हा प्रश्न तो क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखकासही तो सुचला नव्हता. तो सुचविला फैजपूरच्या एका स्नेह्यांनी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर सपत्नीक रोमला जाण्याचा त्यांचा मनोदय होता. मुक्काम चार दिवसांचा, खर्च मात्र अनेक वर्षांच्या शिलकीचा. त्यांनी तीन-चार मराठी प्रवासवर्णने वाचून एक यादी केली. तीत सत्तावीस स्थळे होती. ती माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "काय पाहायचं ते या पुस्तकांनी सांगितलं. काय सोडायचं ते एकानंही लिहिलेलं नाही."

या एका वाक्यात आपल्या अलीकडच्या पुष्कळशा प्रवासवर्णनांची समीक्षा आली आहे. सकाळी अमुक चर्च, दुपारी तमुक संग्रहालय, सायंकाळी कारंजे, आणि प्रत्येकापुढे एकेक उद्गार, असा त्यांचा क्रम असतो. स्थळे बदलतात, उद्गार तेच राहतात. लेखकाने आपल्या पाहण्याला कोणतीच मर्यादा घातलेली नसते, म्हणून वाचकाच्या हाती यादीखेरीज काही उरत नाही.

याच्या उलट, मराठीतील जी प्रवासवर्णने टिकली आहेत त्यांचे बळ कशात आहे ते पाहावे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घर सोडून निघाले ते स्थळे पाहण्यासाठी नव्हे, तर उत्तरेतील यज्ञात दक्षिणा मिळवून घरचे ऋण फेडण्यासाठी. वाटेत बंडाने गाठले आणि झांशीचा वेढा त्यांना आतून पाहावा लागला. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापले गेले. ते आजही जिवंत वाटते, कारण त्यातील प्रत्येक गोष्ट गरजू माणसाच्या नजरेने टिपलेली आहे. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकाच्या नावातच प्रवासाची दिशा आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ला (१९६०) परदेशातील दीर्घ वास्तव्याचा आधार आहे. कोणापाशी हेतू होता, कोणापाशी अवधी. चार दिवसांच्या प्रवाशापाशी अवधी नाही. तेव्हा हेतू तरी त्याने घरूनच नेला पाहिजे.

थोडक्या मुक्कामात काय कळू शकते, याचा धडा खुद्द फैजपूरनेच एकदा दिला आहे. १९३६ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांनी वेळूसारख्या साध्या, गावठी सामग्रीतून तिलकनगराची शोभा उभी केली, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांना बैल जोडलेल्या रथातून मिरवत आणले. देशभरातून आलेले पाहुणे दोन-चार दिवसांनी परतले. याच अधिवेशनात शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम संमत झाला. ज्या पाहुण्याने केवळ कमानी पाहिल्या त्याने शोभा पाहिली. ज्याने बांधावर उभे राहून शेतसारा किती आणि कर्ज किती एवढेच विचारले असेल, त्याला तो ठराव का झाला ते कळले असेल. दोघांचाही मुक्काम सारखाच. फरक बरोबर आणलेल्या प्रश्नाचा.

म्हणून स्नेह्यांना मी विचारले, "आपण आयुष्यभर कशाकडे बारकाईने पाहिलंत?" ते म्हणाले, "पाण्याकडे." मग यादी आपोआप लहान होऊ लागली.

फैजपूरहून सावदा-रावेरवरून बऱ्हाणपूरला जाणाऱ्या माणसाला तेथील कुंडी भंडारा ठाऊक असतो. सतराव्या शतकाच्या आरंभी, मोगल अमदानीत, डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहराकडे नेण्याची ती योजना. आता रोमचे त्रेव्ही कारंजे पाहा. आपली पुस्तके तेथे पाठमोरे उभे राहून नाणे टाकण्याची रीत सांगतात आणि पुढे जातात. कारंज्याचे सध्याचे शिल्प १७६२ साली पुरे झाले. पण त्याला पाणी पुरविणारा मार्ग मूळचा अग्रिप्पाने इसवी सनापूर्वी १९ साली बांधलेला आहे, आणि तोही बहुतेक जमिनीखालूनच येतो. कुंडी भंडाऱ्याच्या कुंड्यांतून डोकावलेल्या माणसाला त्या कारंज्यापुढे जे वाटेल ते कोणत्याही उसन्या उद्गारात मावणार नाही.

हाच धागा धरला तर चार दिवस पुरतात. कोलोसियम जेथे उभे आहे तेथे पूर्वी नीरोचे कृत्रिम तळे होते. ते आटवून हे प्रेक्षागृह बांधले आणि सन ८० मध्ये खुले केले. तेथून थोड्या पावलांवर सान क्लेमेंते हे चर्च आहे. बाराव्या शतकातील या चर्चखाली चौथ्या शतकातील चर्च आणि त्याच्याही खाली मिथ्र देवतेचे स्थान आहे. त्या तळघरात वाहत्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. पँथिऑनच्या सुमारे ४३ मीटर व्यासाच्या घुमटाला मधोमध उघडा गवाक्ष आहे. पाऊस आत पडतो आणि फरशीतील छिद्रांवाटे निघून जातो. शहराच्या आग्नेयेस एका विस्तीर्ण उद्यानात जुन्या जलसेतूंच्या कमानींची रांग उभी आहे. भुयारी रेल्वेने तेथे सहज जाता येते, आणि एक सकाळ त्यासाठी ठेवावी. निघण्यापूर्वी वाचायचेच असेल तर फ्रंटिनसचा ग्रंथ वाचावा. सन ९७ मध्ये तो रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी झाला, आणि पाणी कोठे व कसे चोरले जाते हेही त्याने नोंदून ठेवले. पाटाच्या पाळीवरून भांडणे पाहिलेल्या खानदेशी माणसास तो परका वाटणार नाही.

येथे एक आक्षेप येईल: रोमला जाऊन व्हॅटिकन सोडावयाचे काय? सोडू नये, एक दिवस त्यासाठी द्यावा. तेथील संग्रहालय महिन्यातील शेवटचा रविवार वगळता इतर रविवारी बंद असते, म्हणून वार पाहून जावे आणि वेळ ठरवून प्रवेशपत्र आधीच घ्यावे. परंतु तेथेही सगळी दालने पालथी घालण्यापेक्षा सिस्टाइन प्रार्थनामंदिराच्या छताखाली स्वस्थ बसून राहावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकाच प्रश्नाने पाहणारा बाकीच्या रोमला मुकणार नाही का? मुकेल, यात संशय नाही. पण सत्तावीस स्थळांवरून धावणाराही मुकतोच. फक्त त्याला ते कळत नाही. आपण काय पाहिले नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे पाहिलेले तरी खरे असते.

समीक्षकांनीही यापुढे हाच कस लावावा. लहान मुक्कामावरचे पुस्तक हाती आले की लेखकाने किती पाहिले हे न मोजता, त्याने काय सोडले आणि का सोडले, हे प्रथम विचारावे. याचे उत्तर ज्या पुस्तकात सापडेल ते पुढच्या प्रवाशालाही आपली यादी छाटण्याचे धैर्य देईल. आमच्या स्नेह्यांची यादी आता सात स्थळांवर आली आहे. आठवी ओळ सहचारिणीने आपल्या हाताने लिहिली असून तीत स्थळाचे नाव नाही. एक दुपार कोठेही न जाता एखाद्या चौकात बसून काढावी, एवढेच त्या ओळीत आहे.