सीझर, कैसर, झार : एका पदवीचे अर्थांतर

रोमन इतिहासावरील मराठी लेखनात ‘सीझर’ या शब्दासाठी ‘सम्राट’ हा प्रतिशब्द सर्रास योजिला जातो. हा प्रघात सोयीचा असला तरी शास्त्रशुद्ध नाही. अमरकोशातील सम्राट राजसूय केलेला व राजांवर आज्ञा चालविणारा आहे. उलट ‘सीझर’ हे मूळचे ज्यूलियस कुळातील एका शाखेचे उपनाम. खुद्द ज्यूलियस सीझर सम्राट नव्हता. त्याचे पद ‘डिक्टेटर’चे होते. नीरोच्या मृत्यूने (इ. स. ६८) ते घराणे संपले, तरी नाव सत्ताधीशांनी चालू ठेविले, उपनामाची पदवी झाली. पुढे इ. स. २९३ मध्ये डायोक्लीशनने केलेल्या सत्ताविभागणीत दोन ‘ऑगस्टस’ वरिष्ठ व दोन ‘सीझर’ कनिष्ठ ठरले. या सीझरांना सम्राट म्हणणे म्हणजे युवराजाला राजा म्हणणे होय.

मराठीत हे नाव तीन रूपांनी नांदते. सोपारे व कल्याण या बंदरांचा, म्हणजे आजच्या भिवंडी-खारबावच्या दोन्ही अंगांचा, रोमन जगाशी व्यापार होता. तथापि ही रूपे त्या संबंधातून आलेली नाहीत. ‘सीझर’ इंग्रजी उच्चारावरून आले. ‘कैसर’मध्ये अभिजात लॅटिनमधील आद्य ‘क’ टिकला आहे. ते फारसीतून आले, आणि जर्मन बादशहाच्या संदर्भात जर्मनमधूनही. रशियन शब्दाच्या आरंभी ‘चाक’मधील दंत्य ‘च’सारखा ध्वनी आहे. तो मराठीत उपलब्ध असूनही आपण ‘झार’ म्हणतो, यावरून इंग्रजीची मध्यस्थी उघड होते.

‘कैसर-इ-हिंद’ हे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. लाइटनरने सुचविलेली ही पदवी १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीसाठी घोषित झाली. इंग्रजीत ती ‘एम्प्रेस’, लॅटिनमध्ये ‘इंपेरात्रिक्स’, म्हणजे मूळ अर्थी सेनाधिपत्याची पदवी, आणि फारसीत ‘कैसर’. फारसीत व्याकरणिक लिंगभेद नसल्याने हीच पदवी पुढे एडवर्डलाही जशीच्या तशी चालली. मराठीत मात्र ‘सम्राज्ञी’चा ‘सम्राट’ करावा लागला असता. ‘बादशहा’ हा परिचित शब्द टाळल्याने मोगलांची स्मृतीही दूर ठेविता आली. १९४८ मध्ये सहाव्या जॉर्जने हिंदुस्थानच्या सम्राटपदाचा त्याग केला, तेव्हा या पदवीचा आधारच संपला.

तात्पर्य, पदवीचा अर्थ व्युत्पत्तीत बंदिस्त नसतो. तिच्या वर कोणती पदवी आहे, खाली कोणती, आणि कोणती जाणूनबुजून टाळली आहे, यांवरून तो ठरतो. म्हणून अनुवादकाने मूळ पदवी कायम ठेवून तिचे त्या काळातील स्थान सांगावे. एरवी शब्द मराठी होईल, पण इतिहास चुकीचा होईल.