जाब आणि हिशेब : एका घोषणेची मीमांसा

मराठीत ‘जाब विचारणे’ आणि ‘हिशेब मागणे’ हे वाक्प्रचार पुष्कळदा समानार्थी म्हणून योजले जातात. वस्तुतः ‘जाब’ म्हणजे जबाब, उत्तर. आणि ‘हिशेब’ म्हणजे गणना. उत्तर शब्दांनी देता येते, हिशेबाला आकडे लागतात. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे कोलकात्याच्या मोहन बागान क्लबाच्या पाठीराख्यांनी आपल्या मालकांविरुद्ध चालविलेल्या चळवळीचे मोल नेमके ठरविता येते.

उत्तर कोलकात्यात १८८९ साली स्थापन झालेल्या या क्लबाने १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, आणि तेव्हापासून ते नाव केवळ एका संघाचे राहिले नाही. जानेवारी २०२० मध्ये क्लबाच्या फुटबॉल कंपनीचे ८० टक्के भाग आर.पी.एस.जी. समूहाने घेतले, २० टक्के क्लबाकडे उरले. समूहाचा ‘एटीके’ हा संघ मोहन बागानमध्ये मिसळण्यात आला. जर्सीचे हिरवे-मरून रंग आणि चिन्हावरील शिडाची नौका राखण्यात आली. परंतु नाव झाले ‘एटीके मोहन बागान’.

पाठीराख्यांची घोषणा होती ‘रिमूव्ह एटीके’. तिची रचना विचारणीय आहे. बंगालीत वा मराठीत आज्ञार्थ वापरताना समोरच्याचा दर्जा ठरवावाच लागतो. ‘काढ’, ‘काढा’ आणि ‘काढावे’ यांत अनुक्रमे हुकूम, मागणी आणि विनंती आहे. इंग्रजी आज्ञार्थ ही निवड टाळतो. त्यामुळे मालकाशी पाठीराख्याचे नाते कोणते, ग्राहकाचे की भागीदाराचे, हा प्रश्न घोषणेत अनुत्तरितच राहिला. दुसरे असे की, जी अक्षरे काढावयाची होती त्यांचा मूळ विस्तार ‘आत्लेतिको दे कोलकाता’ हा माद्रिदच्या क्लबाशी असलेली भागीदारी संपल्यावर २०१७ मध्येच गळून पडला होता. सव्वाशे वर्षांच्या नावापुढे विस्तार हरवलेली तीन अक्षरे विशेषणासारखी बसविली गेली, हे शल्य होते.

१८ मार्च २०२३ रोजी गोव्यात, फातोर्डा येथे, संघाने बेंगळुरूवर पेनल्टींच्या निर्णयाने इंडियन सुपर लीगचे अजिंक्यपद मिळविले. त्याच वेळी समूहाचे प्रमुख संजीव गोएंका यांनी ‘एटीके’ वगळल्याचे घोषित केले. नवे नाव आले ‘मोहन बागान सुपर जायंट’. हे उत्तरपद मराठी वाचकास अपरिचित नाही. याच समूहाच्या पुण्याच्या क्रिकेट संघाने ते २०१६ मध्ये अनेकवचनी आणि २०१७ मध्ये एकवचनी रूपात धारण केले होते. लखनौच्या संघालाही पुढे तेच लाभले. म्हणजे पूर्वपद गेले, उत्तरपद आले. मालकाची खूण जागा बदलून नावात राहिली.

यावर, नावासाठी एवढा आटापिटा कशाला, असा आक्षेप संभवतो. तो ग्राह्य नाही. भाग विकत घेता येतात. १९११ ची स्मृती विकत घेता येत नाही, आणि ती ज्या नावात साठलेली आहे ते नाव हेच पाठीराख्यांचे खरे भांडवल होय. तेथे त्यांनी मालकास बोलावयास भाग पाडले, हे यश सामान्य नव्हे.

तथापि भागांचे ८० आणि २० हे प्रमाण नामांतराने बदलले नाही. जर्मनीत १९९८ पासून काही अपवाद वगळता क्लबाच्या सदस्य-संस्थेकडे कंपनीतील बहुसंख्य मते असावी लागतात. तेथे पाठीराखा सदस्य होऊन मताने हिशेब मागू शकतो; घोषणा हे त्याचे एकमेव साधन नव्हे. कोलकात्यात जाब विचारला गेला आणि तो मिळालाही. मात्र हिशेब मागण्यासाठी लागणारे मत त्या घोषणेत मागितलेलेच नव्हते, आणि म्हणून ते मिळालेही नाही. या चळवळीची मर्यादा येथे आहे, आणि पुढील घोषणा रचणाऱ्यांनी विचार करावा तो याच स्थळी.