इतिहासाची पदवी व विद्यार्थ्याचें ऋण : एका युक्तिवादाचें परीक्षण

गेल्या ज्येष्ठांत आमचा एक जुना विद्यार्थी घरीं आला. आईबाप दरसाल मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जाणारे. मुलगा बीड जिल्ह्यांतच इतिहास घेऊन बी. ए. झालेला. "गुरुजी, पुण्यास जाऊन एम. ए. करावें म्हणतों. बँकेचें कर्ज काढूं काय?" एवढाच त्याचा प्रश्न. उत्तराचा विचार करितां असें ध्यानांत आलें कीं, या विषयावर आपल्या मंडळींत जो युक्तिवाद नेहमीं केला जातो, तो साधनांच्या कसोटीस उतरत नाहीं. म्हणून त्याचें परीक्षण येथें योजिलें आहे.

तो युक्तिवाद असा : इतिहास ही सेवा आहे, सेवेचा मोबदला पाहूं नये, राजवाड्यांनीं तो पाहिला नाहीं. राजवाडे यांची निष्ठा वादातीत आहे. १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याचा पहिला खंड निघाल्यापासून १९२६ च्या अखेरीस धुळ्यास देह ठेवीपर्यंत ते दप्तरांमागें हिंडले. परंतु दाखला देणारानें तो संपूर्ण द्यावा. पत्नीच्या निधनानंतर त्यांनीं पुन्हा संसार मांडला नाहीं. त्यांच्या दारिद्र्याचा भार दुसऱ्या कोणाच्या कोयत्यावर पडत नव्हता. वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढिला, तो मिरजेस शाळेंत संस्कृत शिकवीत असतां. सरदेसायांची 'रियासत' उभी राहिली, ती बडोद्याच्या चाकरीच्या आधारावर. १९२५ सालीं निवृत्त झाल्यावर पेशवे दप्तराचे ४५ भाग त्यांच्या संपादनाखालीं निघाले. तात्पर्य, संशोधनानें या थोरांचें पोट भरलें नाहीं. पोटाची तजवीज अन्यत्र होती, अगर गरजाच अल्प होत्या, म्हणून संशोधन झालें. या दाखल्यांवरून कर्जबाजारी विद्यार्थ्यास निरपेक्षतेचा उपदेश निघत नाहीं.

आतां हिशेब पाहूं. बँकांच्या नमुना योजनेंत चार लाखांपर्यंतचें शैक्षणिक कर्ज तारणावांचून मिळूं शकतें. मात्र बापास सहकर्जदार व्हावें लागतें. दरसाल दरशेंकडा १० व्याज व १० वर्षांची मुदत धरिली, तर महिन्यास सुमारें ५,३०० रुपये हप्ता बसतो. एकूण फेड ६ लाख ३४ हजारांच्या घरांत जाते. शिक्षणकालांतील व्याज निराळेंच. उलट पक्षीं, एम. ए. होऊन पात्रता-परीक्षा दिलेल्या तरुणासही पुष्कळदां महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचें काम मिळतें. सुटींत तासिका नाहींत म्हणून मोबदला नाहीं. हप्त्यास मात्र सुटी नाहीं. उचल फिटेपर्यंत पुढचा हंगाम बांधला जातो, हें ज्या घरानें अनुभविलें आहे, त्यास हा व्यवहार नवा नाहीं.

यावरून कित्येक दुसऱ्या टोकास जातात : इतिहासांत पैसा नाहीं, तस्मात् तो घेऊंच नये. हेंही अनुमान सदोष आहे. मराठवाड्यांतील कुणबी नोंदी तपासण्यासाठीं शासनानें सप्टेंबर २०२३ मध्यें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमिली. त्या वेळीं निजामी राजवटींतील उर्दू व मोडी कागद वाचणाऱ्यांची गरज एकाएकीं सर्वांस कळून आली. हजारों कुटुंबांचा प्रश्न त्या अक्षरांवर अवलंबून होता. म्हणजे विद्येस मोल आहे. पण जी पदवी मोडीची एक ओळ न वाचतांही मिळते, तिला तें मोल आपोआप येत नाहीं. पदवी व विद्या यांची किंमत एकच समजणें, हा दोन्ही पक्षांचा समान दोष होय.

आमच्या शास्त्रांनीं मनुष्यावर देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशीं तीन ऋणें सांगितलीं. पूर्वजांचे कागद वाचून ऋषिऋण फेडावें हें खरें. पण त्यासाठीं पितृऋण वाढवावें, असें कोणत्याही शास्त्रानें सांगितलेलें नाहीं. आणि येथें दोषाचा मोठा वांटा आम्हां संग्राहकांकडे येतो. आमच्या घरोघरीं रुमाल बांधून पडले आहेत. ते वाचण्यास आम्ही तरुणांस बोलावितों, चहा देतों आणि प्रस्तावनेंत आभार मानितों. पोथीच्या वेष्टनास पैसे मिळतात, झेरॉक्सवाल्यास मिळतात. वाचकास मात्र सेवाधर्म! ही रीत पुढें चालवून वर विद्यार्थी इतिहासाकडे वळत नाहींत म्हणून खेद करणें, यास प्रामाणिक समीक्षा म्हणतां येत नाहीं.

विद्यार्थ्यास आम्हीं असें सांगितलें कीं, बापाची सही तूर्त घेऊं नये. घराजवळ राहून, कमी खर्चांत एम. ए. करावें, मोडी पक्की करावी, उर्दू शिकावी आणि पात्रता-परीक्षेंत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा यत्न करावा. १ जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये झाली आहे. ती मिळाल्यास पुण्यास अवश्य जावें. तेथें तो ऋणको म्हणून जाणार नाहीं.

संग्राहक बंधूंस एवढीच विनंति कीं, वाचनाचा दर पानामागें ठरवून आधीं सांगावा आणि काम होतांच द्यावा. आमच्याजवळचा एक रुमाल आम्हीं त्याच विद्यार्थ्याच्या स्वाधीन केला आहे. पहिलीं वीस पानें वाचून झालीं; त्यांचे पैसे चुकते केले आहेत.