सुईणीची वही

पॅटी सेशन्सची रोजनिशी वाचायला घेतली आणि पहिल्या काही पानांतच मी वैतागले. हवा कशी होती, किती मैल चाललो, कुणाचं बाळंतपण केलं. बस. फेब्रुवारी १८४६मध्ये, वयाच्या ५१व्या वर्षी, ही मॉर्मन सुईण इलिनॉयमधलं नॉवू सोडून निघाली. पुढच्या वर्षी चार बैलांची गाडी स्वतः हाकत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. एवढं घडतंय आणि बाई नुसत्या नोंदी करतेय!

मग रोझिला येते. पॅटीच्या नवऱ्याची दुसरी बायको, त्याच प्रवासात सोबत. बहुपत्नीत्व पॅटीच्या धर्माला मान्य होतं. तरी इथे रडणं, जीव दुखावणं वहीत उतरतं. थोडक्या शब्दांत, आणि पुन्हा कुणाचं तरी बाळंतपण.

या कोरडेपणाला सोशिकपणा म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. गप्प सोसायचंच असतं तर तिने हे लिहिलंच नसतं. कामाइतकीच दुःखाचीही नोंद व्हायला हवी, असं तिला वाटलेलं दिसतं.

मर्यादा आहेतच. ज्या युट आणि शोशोनी लोकांच्या मुलखात ही वस्ती वाढली, त्यांची बाजू या वहीत मिळणार नाही. ती वेगळीकडे वाचावी लागते.

डोना टोलंड स्मार्ट यांनी संपादित केलेल्या या रोजनिशा १९९७मध्ये पुस्तकरूपात आल्या. वाचाल तर घाई करू नका. कंटाळवाण्या नोंदी गाळल्या, तर रोझिलाच्या नोंदी किती वेगळ्या आहेत हे कळणारच नाही.