वामन परत का येत नाही?

जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचं इंग्रजी रूप निघालं ते 'द रिटर्न ऑफ वामन' या नावाने. मराठीत जो परतलाच नाही, तो इंग्रजीच्या मुखपृष्ठावर परतलेला! गंमत म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट, पण मराठी विज्ञानकथेचं दुखणं तिच्यात नेमकं सापडतं. जमिनीखाली मिळालेल्या पेटीतल्या ज्ञानातून घडलेला हा यंत्रमानव एका पुस्तकापुरता आला नि गेला. त्याची वाट पाहायची सवय वाचकाला लागलीच नाही. लाडकी विज्ञानमालिका पुन्हा सुरू होणार हे कळल्यावर चाहता हरखून जातो, दिवस मोजू लागतो. आपल्याकडे त्या हरखण्याला जागाच नाही, कारण परत यायला आधी मालिका असावी लागते.

याचं मूळ मला विज्ञानकथेच्या पाळण्यात दिसतं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आलेली 'कृष्णविवर' पहिली ठरली आणि नारळीकर कथाकार झाले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे या सगळ्यांच्या काळात हा प्रकार पोसला तो मुख्यतः मासिकांनी आणि दिवाळी अंकांनी. स्पर्धेला काय, अंकाला काय, एका बैठकीत संपणारी कथा लागते. कल्याण-ठाण्याचा पट्टाच घ्या. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. या पट्ट्यात वाचकांचा तुटवडा कधीच नव्हता. दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी भरून नंबर लावणारी माणसं इथलीच. पण डोंबिवलीला गाडीत उघडलेली कथा दादर यायच्या आत संपते, आणि तिचा नायक दादरच्या गर्दीत उतरतो तो कायमचा.

मराठी वाचकाला मालिका रुचत नाही, असं कुणी म्हणेल. मग बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, नारायण धारपांचा समर्थ आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कुणी वाचले? फुरसुंगीचा हा बन्या फेणे तर १९८७च्या सुमारास दूरदर्शनवर आला आणि २०१७ला मोठा होऊन पडद्यावर परतला. याच धारपांनी आणि भागवतांनी विज्ञानकथाही लिहिल्या, हे विशेष. परत भेटणारा नायक मात्र त्यांनी गूढकथेला दिला, साहसकथेला दिला. विज्ञानकथेच्या वाट्याला तो आला नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. विज्ञानकथेत कल्पना हाच नायक. तोच माणूस पुन्हापुन्हा आणला की विज्ञान मागे पडतं आणि धावपळ तेवढी उरते. अनेक मालिकांचं असं झालंही आहे. पण आयझॅक असिमॉव्हची 'फाउंडेशन' मालिका १९४२पासून मासिकातल्या सुट्या कथांमधूनच उभी राहिली. तिथे माणसं बदलत राहतात, टिकतं ते गणिताने इतिहास वर्तवण्याचं सूत्र. १९५३नंतर थांबलेली ही मालिका १९८२ला कादंबरीरूपाने परतली आणि तडाखेबंद खपली. ब्रिटनची टीव्ही मालिका 'डॉक्टर हू' १९८९ला बंद पडली. पुढची सोळा वर्षं चाहत्यांनीच कादंबऱ्या आणि श्राव्यनाट्यं लिहून तिची धुगधुगी राखली, आणि २००५ला ती पुन्हा उभी केली तीही लहानपणापासूनच्या चाहत्याने, रसेल टी. डेव्हिसने. म्हणजे सुटी कथा मालिकेच्या आड येत नाही. आड येते ती दर वर्षी नव्याने पाटी पुसायची आपली खोड.

यावर तोडगा फार खर्चिक नाही. कथा स्वतंत्र ठेवावी, जग मात्र तेच असावं: तीच प्रयोगशाळा, तेच अर्धवट सुटलेलं कोडं, हवं तर कल्याणच्या खाडीकाठी घडणारं. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले; वामनची पुढची गोष्ट आता त्यांच्याकडून येणार नाही. पण त्यांच्या कथांवर वाढलेले कितीतरी जण आज लिहिते आहेत. एखाद्या संपादकाने त्यांच्यापैकी एकाला पाच वर्षांची पानं आधीच देऊन टाकावीत आणि पहिल्या कथेखाली बारीक टायपात छापावं: पुढील कथा पुढच्या दिवाळीत.