माहितीकोठाराची उभारणी : ‘हाइव्ह’च्या गृहीत मूल्यांचे परीक्षण

माहितीकोठार, म्हणजे व्यवहारात ज्यास ‘डेटा वेअरहाउस’ म्हणतात ते, यासंबंधीच्या विवेचनात दोन विषयांना मानाचे स्थान मिळते : कोठाराची तात्त्विक रचना आणि त्यातून निघणारे निष्कर्ष. या दोहोंच्या मध्ये येणारी अवस्था, म्हणजे सॉफ्टवेअर यंत्रावर बसविणे व त्याची जुळणी करणे, ही कारागिराची बाब समजून अभ्यासक तिच्याकडे पाठ फिरवितात. ही विभागणी सोयीची असली तरी यथार्थ नाही. जुळणीच्या फाइलीत जी शेकडो मूल्ये असतात, त्यांपैकी प्रत्येक मूल्य म्हणजे कोणीतरी आधीच करून ठेवलेला निर्णय होय. बसविणाऱ्याने तो बदलला नाही तर तो त्याचाच निर्णय ठरतो. मात्र तो घेतल्याची जाणीव त्याला नसते. ‘अपाची हाइव्ह’ या प्रसिद्ध प्रणालीच्या आधारे या विधानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

परीक्षणास निकष हवा. बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनी १९८८ साली ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मधील लेखात दैनंदिन व्यवहाराच्या नोंदींहून वेगळ्या अशा माहितीकोठाराचा आराखडा मांडला. पुढे विल्यम इन्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात कोठाराची चार लक्षणे सांगितली : ते विषयानुसार रचलेले असावे, त्यातील माहिती एकसूत्री असावी, आत आलेली नोंद टिकून राहावी आणि प्रत्येक नोंदीस काळाचा संदर्भ असावा. राल्फ किंबल यांचा १९९६ चा ग्रंथ रचनेच्या बाबतीत इन्मन यांच्याहून वेगळ्या मार्गाने जातो. मोजमापांची कोष्टके मध्यभागी आणि स्थळ, काळ, वस्तू इत्यादी परिमाणांची कोष्टके भोवती, अशी त्यांची मांडणी आहे. या दोन संप्रदायांत दीर्घकाळ वाद चालला. तथापि एका मुद्द्यावर दोघांचे एकमत दिसते : माल कोठारात शिरण्यापूर्वी निवडला व पारखला गेला पाहिजे. हाच निकष येथे स्वीकारला आहे.

हाइव्हचा जन्म फेसबुक कंपनीत झाला. २००८ साली ती सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि २०१० साली तिला अपाची प्रतिष्ठानात स्वतंत्र प्रकल्पाचे स्थान मिळाले. ‘हडूप’वर साठविलेल्या प्रचंड फाइलींतून साधी बेरीज काढावयाची तरी पूर्वी ‘मॅप-रिड्यूस’ पद्धतीचा कार्यक्रम लिहावा लागे. हाइव्हने हे काम एसक्यूएल या परिचित भाषेत करण्याची सोय दिली आणि मोठ्या माहितीचे दार सामान्य विश्लेषकास उघडले. हे तिचे ऋण कोणत्याही परीक्षकाने प्रथमच मान्य करावयास हवे. फाइल एकीकडे आणि फाइलीचे वर्णन दुसरीकडे ठेवण्याची तिची कल्पनाही मार्मिक आहे. कोष्टकांची नावे, स्तंभ, त्यांचे प्रकार व फाइलींची ठिकाणे यांची एक नोंदवही असते. तिला ‘मेटास्टोअर’ म्हणतात. ही नोंदवही हरवली तर फाइली जागच्या जागी असूनही कोठार मुके होते.

अशा महत्त्वाच्या नोंदवहीची व्यवस्था गृहीत मूल्यांनी कशी लावली आहे, हे पाहिले म्हणजे विचार करावासा वाटतो. काहीही न बदलता हाइव्ह सुरू केली असता ही नोंदवही ‘डर्बी’ नावाच्या छोट्या डेटाबेसात उघडते. त्यात एका वेळी एकाच प्रक्रियेस प्रवेश मिळतो. दुसऱ्याने दार ठोठावले की त्यास परत जावे लागते. याहून विलक्षण गोष्ट अशी की, नोंदवहीचा पत्ता पूर्ण दिलेला नसून ज्या निर्देशिकेतून आज्ञा दिली त्या निर्देशिकेच्या संदर्भाने तो ठरतो. काल एका ठिकाणाहून काम केले आणि आज दुसऱ्या ठिकाणाहून, तर नोंदवही निराळी. पूर्वीच्या आवृत्त्यांत अशा वेळी नवी कोरी वही मुकाट्याने तयार होई आणि कालची सर्व कोष्टके नाहीशी झाल्याचा भास होई. २.१ या आवृत्तीपासून ‘स्कीमाटूल’ या साधनाने वहीची आखणी स्वतंत्रपणे करणे आवश्यक झाले; त्यामुळे कोरी वही आढळताच प्रणाली तक्रार करून थांबते. नवशिक्यांना ही पायरी जाचक वाटते. वस्तुतः ती सुधारणा आहे, कारण कोठाराच्या बाबतीत स्पष्ट नकार हा मूक होकारापेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय.

दुर्दैवाने हे तत्त्व मालाच्या पारखीस लागू केलेले नाही. पारंपरिक डेटाबेस नोंद आत घेतानाच तिचा प्रकार तपासतो. हाइव्ह वाचतेवेळी तपासते. फाइल भरण्याची आज्ञा दिली असता ती फाइल फक्त कोठाराच्या जागी नेऊन ठेवली जाते, तिच्या आत काय आहे ते पाहिले जात नाही. पुढे साध्या मजकुराच्या फाइलीतील एखादे मूल्य स्तंभाच्या प्रकाराशी जुळले नाही, तर त्या जागी ‘नल’, म्हणजे रिक्त मूल्य, दाखविले जाते. चूक घोषित होत नाही.

मराठी वाचकांस याचे गांभीर्य एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. चार केंद्रांवरील एका दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदविला आहे : ४०, ६०, ८० आणि १००. पहिल्या तीन केंद्रांनी आकडे आंतरराष्ट्रीय अंकांत टंकित केले आणि चौथ्याने, मराठी कागदपत्रांच्या रीतीस अनुसरून, देवनागरी अंकांत. स्तंभाचा प्रकार ‘पूर्णांक’ आहे. देवनागरी अंक हाइव्हच्या वाचकास अंक म्हणून ओळखता येत नाहीत. चौथी नोंद रिक्त ठरते. सरासरी काढताना रिक्त मूल्ये वगळण्याचा एसक्यूएलचा नियम आहे. म्हणून खरी सरासरी ७० असता उत्तर ६० येते. ओळी मोजल्या तर त्या चारच भरतात आणि कोणासही संशय येत नाही. सर्वांत अधिक पाऊस ज्या केंद्रावर झाला, तेच केंद्र हिशेबातून गळाले. हाच हिशेब पीकनुकसानीच्या भरपाईसाठी वापरला गेला, तर गळालेली ओळ म्हणजे एक गाव असते.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. डर्बीची मर्यादा ओळखून जाणकार लोक नोंदवही ‘मायएसक्यूएल’सारख्या मोठ्या डेटाबेसात हलवितात आणि ते योग्यच आहे. परंतु त्यासाठी हाइव्हसोबत येणाऱ्या आखणीत अनेक आवृत्त्यांतून ‘लॅटिन-१’ ही अक्षरसंहिता ठरविलेली आढळते. परिणामी स्तंभाच्या अर्थाविषयी देवनागरीत लिहिलेली टीप परत वाचताना प्रश्नचिन्हांची रांग होऊन समोर येते. फाइलींतील मराठी मजकूर शाबूत असतो. नष्ट होते ते त्या मजकुराचे स्पष्टीकरण. टिपेच्या स्तंभाची संहिता ‘यूटीएफ-८’ केल्यास दोष दूर होतो, पण आधी बिघडलेल्या टिपा पुन्हाच लिहाव्या लागतात. आखणी करणाऱ्याच्या मनात लॅटिन लिपीबाहेरचा वाचक नव्हता, एवढाच याचा अर्थ. गृहीत मूल्यात गृहीत धरलेला माणूसही दडलेला असतो, तो असा.

प्रवेशाच्या बाबतीतही हेच दिसते. दूरस्थ वापरासाठी असलेल्या ‘हाइव्हसर्व्हर-२’ची ओळख पटविण्याची पद्धत मुळात ‘काहीही नाही’ अशी ठेवलेली आहे. येणारा जे नाव सांगेल ते पडताळणीवाचून मान्य होते. कोठारास दार आहे, दारावर नावांची वहीही आहे. फक्त पहारेकरी नाही.

या टीकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, गृहीत मूल्ये शिकणाऱ्याच्या सोयीसाठी असतात आणि डर्बीची व्यवस्था प्रयोगापुरतीच आहे असे मार्गदर्शिका स्वतःच सांगते. हे खरे आहे. पण प्रयोग आणि प्रत्यक्ष व्यवहार यांच्यामध्ये सीमारेषा आखलेली नसते. प्रयोग यशस्वी झाला की तोच वापरात येतो आणि त्याबरोबर प्रयोगाची गृहीतकेही येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाचतेवेळी प्रकार ठरविण्याची पद्धत हा दोष नसून तोच हाइव्हचा प्राण आहे. पुढे कोणते प्रश्न विचारले जातील हे ठाऊक नसता कच्चा माल जसाच्या तसा जपून ठेवणे यातच शहाणपण आहे. हा युक्तिवाद मान्य करावयास हवा. वरील उदाहरणातही मूळ फाइल अविकृत राहते आणि स्तंभ ‘मजकूर’ प्रकारचा घोषित केल्यास चौथा आकडा पुन्हा दिसू लागतो. परंतु त्यावरून एवढेच सिद्ध होते की पारख पुढे ढकलता येते. ती टाळता येते असे सिद्ध होत नाही. इन्मन व किंबल यांनी दारात बसविलेला पारखी हाइव्हने उठविला आणि त्याचे काम जुळणी करणाऱ्यावर सोपविले. मार्गदर्शिकेच्या पहिल्या पानांवर या हस्तांतराची स्पष्ट वाच्यता नाही, हाच मुख्य आक्षेप आहे.

यावरून जुळणीचे काम कोणत्या क्रमाने व्हावे हेही सुचते. नोंदवहीचे स्थान पूर्ण पत्त्यानिशी प्रथम ठरावे. तिची अक्षरसंहिता पहिली टीप लिहिण्यापूर्वी तपासावी. बाहेरून आलेली फाइल प्रथम सर्व स्तंभ ‘मजकूर’ मानून वाचावी आणि मगच प्रकारबद्ध कोष्टकात उतरवावी. उतरविताना मूळ फाइलीत मूल्य असून नव्या कोष्टकात रिक्त ठरले अशा ओळी वेगळ्या मोजाव्यात. ही शेवटची मोजणी एका प्रश्नाने होते व तिला फारसा वेळ लागत नाही. ती शून्य आली तर निष्कर्षास आधार मिळतो. शून्य न आल्यास कोणत्या ओळी पाहावयाच्या ते कळते.

धान्याच्या कोठाराची किंमत भिंतींच्या उंचीवरून कोणी करीत नाही. आत टाकलेले माप आणि बाहेर निघालेले माप जुळते की नाही हे पाहिले जाते. माहितीकोठारासही हीच कसोटी लावली पाहिजे. हाइव्हने भिंती पूर्वी कोणासही परवडल्या नसत्या एवढ्या उंच करून दिल्या आहेत. मापाची जबाबदारी मात्र जुळणीची फाइल लिहिणाऱ्यावर राहते, आणि ती फाइल अभ्यासकांच्या विचारक्षेत्रात आणावयाची ती याचसाठी.