प्रॉमेथियसची लाज आणि आपला कमीपणा

आज एक जुना निबंध घेतो आहे, आणि त्याच्याशी थोडं भांडणारही आहे.

ग्युंटर आंडर्स हे ज्यू कुटुंबात जन्मलेले जर्मन तत्त्वचिंतक. जन्म १९०२चा, हुसर्लचे विद्यार्थी. नाझी राजवटीमुळे देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत कारखान्यातही काम केलं. १९५६ साली त्यांचं पुस्तक आलं. शीर्षकाचा अर्थ साधारण 'माणसाचं कालबाह्य होणं'. त्यात 'प्रॉमेथियसची लाज' अशी एक कल्पना आहे. ते १९४२ मधला कॅलिफोर्नियातला प्रसंग सांगतात. यंत्रांच्या प्रदर्शनात सोबतचा माणूस गप्प होतो, नजर खाली वळवतो आणि हात पाठीमागे लपवतो. का? तर इतक्या नेमक्या वस्तूंपुढे आपले ओबडधोबड हात त्याला लाजिरवाणे वाटतात. आंडर्स म्हणतात, आपण घडवले गेलो नाही, नुसते जन्मलो, याचीच ही लाज.

आता आजचं बघा. पन्नाशीतल्या शिक्षिका, बँकेतले अधिकारी, अनुवादक कृत्रिम बुद्धिमत्तेबरोबर काम करायला शिकताहेत. प्रश्न टाइप केला, उत्तर आलं, पण हवं ते नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेजारचा तरुण सहकारी मात्र दोन मिनिटांत मोकळा! मग मनात येतं, 'मला साधं विचारताही येत नाही.' हेही हात लपवणंच झालं, नाही का? इथवर आंडर्स उपयोगी पडतात. पुढे मला अडचणी दिसतात.

पहिली अडचण. त्यांच्यासमोरची यंत्रं अचूक होती. चॅटबॉट मुळात पुढे कोणता शब्द येणं संभवतं, या हिशेबावर वाक्य रचतो. त्यामुळे खरं आणि खोटं तो सारख्याच सफाईनं सांगू शकतो. म्हणजे आपण दबतो ते सफाईपुढे. इथे मला न्यायदर्शन जास्त जवळचं वाटतं. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण कोणाच्या? आप्ताच्या. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि ती तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. चॅटबॉट या व्याख्येत बसत नाही. शिवाय ज्ञान खरं आहे की नाही हे बाहेरून तपासून ठरतं, असं नैयायिक म्हणतात; त्याला परतःप्रामाण्य म्हणतात. ही तपासणी कोण करणार? ज्यांनी तो विषय वीस-तीस वर्षं हाताळलाय तेच. म्हणजे ज्यांना आज आपण निरुपयोगी झालो असं वाटतंय, नेमके तेच लोक.

दुसरी अडचण जास्त बोचरी आहे. लेथ मशीन शिकताना चूक झाली तर माणूस म्हणतो, अजून हात बसला नाही. इथे यंत्र चालवायचं ते आपल्या भाषेनं. म्हणून जमलं नाही की वाटतं, आपली भाषाच कमी, आपली बुद्धीच कमी. त्यात मराठी माणसाचं बघा. ही प्रारूपं ज्या मजकुरावर शिकली त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा, मराठीचा फार लहान. अनेक प्रारूपांत देवनागरी शब्दाचे तुकडेही इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. तेव्हा मराठीतलं उत्तर आखडलेलं आलं, तर तो बराचसा साधनाचा उणेपणा असतो. पण आपण तो आपल्या खात्यावर मांडतो, कारण 'आपलं इंग्रजी कच्चं' ही जुनी लाज आधीच घरात बसलेली असते.

मग हा सगळा कमीपणा खोटा का? नाही, तसं म्हणणं ही फसवी समजूत घालणं होईल. काही कौशल्य खरोखर नसतं: संदर्भ पुरवणं, काम टप्प्यांत मागणं, उत्तर उलटतपासणं. ते सरावानं येतं. नव्या माणसाला ते येत नसणं ही फक्त सुरुवात आहे. म्हणून 'मला जमत नाही' असं वाटेल तेव्हा थांबून तीन प्रश्न विचारा. कौशल्य कमी पडतंय? साधन कमी पडतंय? की विषयच मला नीट माहीत नाही? पहिल्यावर उपाय सराव. दुसऱ्यात लाजण्यासारखं काही नाही. तिसरं मात्र गंभीर, आणि ते चॅटबॉटच्या आधीपासूनचं आहे. सफाईदार उत्तरानं ते झाकलं जातं, एवढंच.

आंडर्सनी माणसाचे लपवलेले हात दाखवले, हे त्यांचं मोठेपण. पण ते हात पुढे आणून कामाला कसे लावायचे, ते या निबंधात सापडत नाही. ते आपल्यालाच शोधावं लागेल. आता तुमचे प्रश्न घेऊ.